दोन बोटं आखूड

गॅरेजांच्या त्या रांगेत चौदा दुकानं होती आणि त्यातल्या तेरा मालकांना वेगाचं वेड होतं. चौदावे हळूकाका. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटीला तेलाचे इतके हात लागले होते की ते वाचता येत नव्हतं, आणि कुणाचं अडतही नव्हतं. दुरुस्त झालेली गाडी निघाली की काका तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत चालत यायचे, खिडकीशी वाकायचे आणि एवढंच म्हणायचे, "हळू." गिऱ्हाईक हसायचं, मान हलवायचं आणि पुढच्या वळणावर गाडी पिटाळायचं. नाव मात्र काकांना चिकटलं ते चिकटलंच.

काका भित्रे होते. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. जिन्याच्या कठड्याला ते टेकत नसत. घराला कुलूप लावलं की दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर जायचे आणि ते ओढून बघायचे. स्वतःची गाडी त्यांनी कधी चाळीसच्या वर नेली नव्हती, आणि घाटात तर नेलीच नव्हती. लोकांना अशा भीतीमागे एखादी गोष्ट लागते. लहानपणी विहिरीत पडले, भाऊ अपघातात गेला, असं काहीतरी असलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. काकांच्या मागे तसलं काहीही नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, आणि तरी ते साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

आता भित्र्या माणसाने ब्रेकचं काम करावं, यापरती चांगली व्यवस्था या जगात दुसरी नाही. धाडसी मेकॅनिक ब्रेकची नळी बघतो आणि म्हणतो, चालेल. काका बघायचे आणि म्हणायचे, "आणि नाही चाललं तर?" मग त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात त्यांचा अर्धा दिवस जायचा. रांगेतले बाकीचे मालक त्यांची टर उडवायचे, पण स्वतःच्या बायकामुलांच्या गाडीचा ब्रेक दाखवायला मुकाट्याने चौदाव्या दुकानात यायचे. एकतीस वर्षांत काकांच्या हातचा एकही ब्रेक परत आला नव्हता. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. बाकी अभिमान वाटण्याजोगं आपल्यात काही आहे, असं त्यांना वाटत नसे.

त्यांची लेक कुणावर गेली होती ते देव जाणे. सहा वर्षांची असताना ती दुकानाच्या पत्र्यावर चढून बसली होती, आणि तिला उतरवण्यासाठी शेजारच्या वेल्डरला जावं लागलं होतं, कारण काका शिडीच्या तिसऱ्या पायरीवरूनच परत फिरले. मोठी झाल्यावर ती मालवाहू गाडी चालवायला लागली, तीही डोंगरातल्या वस्त्यांवर सामान पोचवणारी. ती घरी येईपर्यंत काका ओट्यावर बसून राहायचे. "अहो, आत या," बायको म्हणायची, "तुम्ही ओट्यावर बसलात म्हणून तिच्या गाडीचं चाक जास्त घट्ट बसत नाही." ते काकांना पटायचं. उठायचे मात्र नाहीत.

लेकीला डोंगर बचाव पथकात ड्रायव्हर व्हायचं होतं. डोंगरात कुणी पडलं, अडकलं, की हे पथक जायचं. पथकाची गाडी चालवायला एकच जागा होती, आणि तिच्यासाठी दर वर्षी एका बंद पडलेल्या दगडखाणीत निवड व्हायची. आपापली गाडी आणायची, खाणीच्या कडेने चढायचं, त्याच वाटेने उतरायचं. पहिल्या वर्षी तिला अनुभव कमी म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी तिची जुनी जीप निम्म्या चढावर दगडाला पोट टेकून बसली आणि दोरी लावून ओढून काढावी लागली. तिसरी खेप शेवटची होती, कारण पथकाचा तसा नियमच होता: तीनदा यायचं, मग नाही.

म्हणून तिने जीप उंच करून घेतली. उंच स्प्रिंगा, लांब शॉकअप, चार इंच. आणि ब्रेकचं काम घेऊन ती बापाकडे आली.

"बाबा, नळ्या बदलायला लागतील ना?"

"लागतील म्हणजे काय," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं.

कारण हे त्यांचं घरचं मैदान होतं. इंजिनाच्या बाजूने ब्रेकचं ऑइल लोखंडी नळीतून गाडीच्या सांगाड्यापर्यंत येतं. तिथून चाकापर्यंत मात्र रबराची नळी असते, कारण चाक वरखाली होतं, डावी-उजवीकडे वळतं, आणि लोखंडाला ते सोसत नाही. गाडी उंच केली की सांगाडा वर जातो, चाक राहतं जमिनीवर, आणि मधली नळी ताणली जाते. गाडी उभी असताना हे दिसत नाही. तेव्हा नळी चांगली सैल लोंबत असते आणि मालक म्हणतो, काही नाही हो, खूप जागा आहे. चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबकळलं की तिथे कळतं कुणाला किती जागा आहे.

काकांनी जीप सांगाड्याखालून उचलली. चारही चाकं हवेत लोंबू दिली. मग एका पुढच्या चाकाखाली जॅक लावून ते वर ढकललं, दुसरं लोंबतं ठेवलं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आणि नळीच्या वाटेने सुतळी धरून गाठ मारली. टेप ते वापरत नसत. नळी ज्या वळणाने जाते त्या वळणाने टेप जात नाही, सुतळी जाते, असं त्यांचं म्हणणं. सुतळीच्या मापावर अंगठाभर जास्त धरून त्यांनी नव्या नळ्या मागवल्या, बसवल्या, ब्रेक ऑइलमधली हवा काढली, आणि लेकीला गाडीखाली शेजारी झोपवून सगळं दाखवलं. "वाईटात वाईट जे होईल ते धरून मोजलंय," ते म्हणाले. तिने बापाच्या काळ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग मला कशाची भीती?"

निवडीच्या दिवशी काका जाणार नव्हते. लेकीला गाडी चालवताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. बायकोने सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे आदळला. "जन्मभर लोकांच्या पोरींचे ब्रेक बघितलेत. आज स्वतःच्या पोरीला बघा. मी डबा भरलाय, वेल्डरची पिकअप येतेय, मागे बसायला तुम्हाला भीती वाटत असेल तर पुढे बसा." काका पुढे बसले.

समोर खाण दिसली. उभा कापलेला कडा, त्याच्या पोटातून वर जाणारी दगडगोट्यांची वाट, आणि वाटेत मुद्दाम आलटून-पालटून खणलेले खड्डे, म्हणजे एक चाक आत गेलं की दुसरं दगडावर. खाली अकरा गाड्या उभ्या होत्या. पथकाच्या माणसांनी प्रत्येक गाडी खालून तपासली होती आणि पास झालेल्या गाडीच्या काचेवर हिरवी चिठ्ठी लावली होती. लेकीच्या काचेवरही ती होती. तिचा नंबर पाचवा.

पहिली गाडी लाल रंगाची. ती निघायच्या आधी तिचा ड्रायव्हर पुढच्या चाकांपाशी आडवा झाला, दोन पिना काढल्या आणि काहीतरी तारेने वर बांधून ठेवलं.

"काय करतोय तो?" काकांनी वेल्डरला विचारलं.

"दांडा सोडतोय."

"कुठला दांडा?"

"अहो, पुढच्या दोन चाकांना जोडणारा. स्टॅबिलायझर. रस्त्यावर गाडी कलंडू नये म्हणून तो दोन्ही चाकांना धरून ठेवतो. इथे कशाला पाहिजे? इथे चाकं मोकळी पाहिजेत, हवी तशी वरखाली व्हायला. सगळेच सोडतात."

"सगळेच?"

"तुमची पण सोडेल की. सोडल्याशिवाय हा चढ चढायचा कसा?"

लाल गाडी पहिल्या खड्ड्यात शिरली. तिचं एक चाक थेट मडगार्डच्या आत घुसलं, आणि दुसऱ्या बाजूचं खाली गेलं, आणखी खाली गेलं, काकांनी आयुष्यात कुठलंही चाक जिथपर्यंत जाताना बघितलं नव्हतं तिथपर्यंत गेलं. दोन चाकांमधला सगळा एक्सल तराजूच्या दांडीसारखा तिरपा झाला. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वळून लेकीच्या जीपकडे बघितलं.

कारण त्यांनी मोजलं होतं ते दांडा जोडलेला ठेवून. एक चाक वर, एक चाक खाली, स्टिअरिंग पूर्ण वळवून, सगळं धरून. पण दांडा जागच्या जागी. तो सोडतात, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी भीतीच्या जोरावर काम केलं होतं, आणि त्याच भीतीपायी ते असल्या वाटेवर कधी आले नव्हते. जे बघितलंच नाही त्याला घाबरायचं तरी कसं? वेल्डरला माहीत होतं, लेकीला माहीत होतं, जमलेल्या पोरासोरांना माहीत होतं. काकांना हे माहीत नसेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ते लेकीकडे गेले. चालत नव्हे, पळत. बायकोने त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच पळताना बघितलं आणि डबा खाली ठेवून तीही मागे निघाली.

"दांडा सोड," काका धापा टाकत म्हणाले. "आणि गाडी त्या दगडावर घे. एक चाक दगडावर, एक त्या खळग्यात."

"बाबा, आता? तीन गाड्यांनंतर माझा नंबर आहे."

"घे म्हणतो ना."

बापाचा असा आवाज तिने ऐकलेला नव्हता. तिने गाडी घेतली. काका उताणे आत सरकले. डाव्या बाजूची नळी वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ झाली होती, आणि हे स्टिअरिंग सरळ असताना. "डावीकडे वळव. हळू. थांब, थांब." तिच्या टोकाचा पितळी जोड वाकायच्या बेतात आला होता. काकांनी बोटं लावून बघितली. पूर्ण वळवायला नळी दोन बोटं आखूड होती.

ते बाहेर आले आणि जमिनीवरच बसून राहिले. आता जे मनात आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं, आणि काका काही संत नव्हते. गाडीवर हिरवी चिठ्ठी आहे. पथकाने पास केलीय. कदाचित चाक इतकं खाली जाणारही नाही. कदाचित नळी ताणली जाईल पण टिकेल, रबर आहे, देतं थोडं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीला सांगितलं तर तिचा नंबर जाईल, तिसरी खेप जाईल, आणि चौदाव्या दुकानातला ब्रेक एकतीस वर्षांत पहिल्यांदाच परत येईल, तोही स्वतःच्या पोरीचा, अख्ख्या रांगेसमोर. एवढं सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं, आणि मग ते उठले आणि पथकप्रमुखांकडे चालू लागले.

पथकप्रमुख बाई होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, हातात वही. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांच्याभोवती पाचपंचवीस माणसं उभी होती.

"मॅडम, पाच नंबरची गाडी सोडू नका. तिची ब्रेकची नळी आखूड आहे."

"आम्ही तपासलीय ती. पास आहे."

"तुम्ही दांडा जोडलेला असताना तपासलीत. सोडला की आखूड पडते."

"तुम्ही कोण?"

"बाप," काका म्हणाले, आणि मग त्यांनी उरलेलं सांगितलं. "आणि नळी बसवणारा मेकॅनिकही मीच. मोजताना चुकलो."

कुणीतरी मागून फिसकन हसलं. गॅरेजांच्या रांगेतलेच दोघंतिघं होते, निवड बघायला आलेले. काकांचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. मॅडमनी वही उघडली. "नियम असा आहे," त्या म्हणाल्या, "नंबर एकदाच मागे घेता येतो, शेवटी. खाली काही उघडलंत तर मी स्वतः पुन्हा तपासणार. शेवटची गाडी उतरेपर्यंत तुमची रेषेवर आली नाही, तर विषय संपला." वहीत त्यांनी पाच खोडून अकरा केलं.

लेक दाराला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि राग नाकाच्या शेंड्यावर आला होता. "तुम्हाला माहीतच नव्हतं? बाबा, हे सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं. चुकलो गं मी."

भांडायला तोंड उघडलं होतं तिने, पण बापाने इतक्या सरळ मान्य केल्यावर भांडायचं कशाशी? तिने बाह्या सावरल्या. "नवीन नळी इथे कुठून आणायची?"

"नळी नाही आणायची. नळीचं वरचं टोक खाली आणायचं."

रबराची नळी वर जिथे सांगाड्याला धरलेली असते, तिथे एक छोटी क्लॅम्पाची पट्टी असते. ती तीन बोटं खाली आली तर नळीला तीन बोटं जास्त मिळतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टीचा एकेक तुकडा हवा, त्याला दोन भोकं हवीत, आणि वरून येणारी लोखंडी नळी न उघडता, न मोडता, तेवढीच खाली वाकवायला हवी. पट्टी वेल्डरने स्वतःच्या पिकअपच्या मागच्या फळीखालून काढली. "आता घरी जाताना फळी वाजेल," तो म्हणाला, "वाजू दे. तुमच्या बोलण्यापेक्षा बरी." बॅटरीवरचं ड्रिल त्याच्याकडे होतंच. भोकं पाडून कडा त्याने कानशीने घासून गुळगुळीत केल्या, कारण काकांनी बोट फिरवून पहिल्यांदा नापास केल्या होत्या.

खरं काम त्यापुढचं. लोखंडी नळी घाईने वाकवली की तिला चुणी पडते, आणि चुणी पडली की ती मेली. ती अंगठ्यांनीच वाकवायची, एकेक गव्हाच्या दाण्याएवढी, इथे जरा, मग तिथे जरा, तिला कळू न देता. उजव्या बाजूच्या नळीला वर एक वेटोळं होतं, त्यातून ती राजीखुशीने आली. बाहेर सातवी गाडी चढत होती. डावीकडची मात्र सरळसोट होती आणि हट्टीही. काकांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि लेक गाडीखाली त्यांच्या शेजारी झोपून रुमालाने तो टिपत होती.

"नववी गेली," ती म्हणाली.

"जाऊ दे."

"बाबा, जोर लावू का मी?"

"जोर लावायला वेल्डर काय कमी आहे? इथे जोर चालत नाही. तू मला दोन विनोद सांग."

तिला एकही आठवला नाही. बाहेर बायको पदर खोचून उभी होती आणि डोकावणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "बाजूला व्हा, उजेड अडतोय." तीस वर्षं ती नवऱ्याच्या कुलूप ओढून बघण्यावर हसत आली होती. दोन्ही पट्ट्या बसल्या आणि काका बाहेर सरकायला लागले, तेव्हा तिने त्यांच्या खांद्यावर हात दाबून ठेवला. "नीट आवळलंत ना? परत एकदा बघा." काका निमूटपणे परत आत गेले. आवळलेलं होतं. पण बघून आल्यावर दोघांनाही बरं वाटलं.

जीप पुन्हा दगडावर आणि खळग्यावर नेली. दांडा सोडलेला. चाक जाईल तितकं खाली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. लेकीने ब्रेक सगळं वजन देऊन दाबला. नळी सैल वळण घेऊन अंगठाभर शिल्लक राहिली, आणि ते वळण टायरला कुठे घासत नाही तेही काकांनी बोट घालून बघितलं. मॅडम आल्या, वही ठेवली, धुळीत आडव्या झाल्या आणि बराच वेळ खालीच राहिल्या. उठल्या आणि काचेवर नवी हिरवी चिठ्ठी लावली. दहावी गाडी उतरत होती.

लेक रेषेवर गेली. काकांनी ठरवलं होतं की डोळे मिटून उभं राहायचं. पण गाडी निघाली आणि ते तिच्या बरोबरीने बाजूच्या बांधावरून चढायला लागले. हाताला लागेल तो दगड धरत, गुडघे टेकत, खाली किती खोल आहे हे न बघता, कारण बघायला फुरसतच नव्हती. त्यांचं सगळं लक्ष पुढच्या डाव्या चाकावर होतं. पहिला खड्डा, दुसरा खड्डा. एक्सल तिरपा व्हायचा, चाक लोंबायचं, नळी लांब व्हायची आणि राहायची. पोरगी गाडी काय चालवत होती! घाई नाही, धसमुसळेपणा नाही, एकेका दगडाला विचारून पुढे जात होती. गेल्या वर्षी जिथे जीप बसली होती तिथे पोटाखालून हातभर जागा ठेवून ती पार झाली. खालून ओरडा झाला. काका ओरडले नाहीत, त्यांना दम लागला होता.

उतरण त्याहून वाईट होती. मध्यावर चुन्याची रेघ होती. तिथे, ऐन खड्ड्यात, पूर्ण थांबायचं आणि दहा अंक मोजेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. आधीचे दहाच्या दहा तिथे कमीजास्त घसरले होते. लेक रेघेवर आली. डावं चाक अधांतरी, उजवं आत घुसलेलं, गाडीचं नाक थेट खाली. तिने ब्रेक दाबला. खडी थोडी सरसरली आणि थांबली. जीप जागच्या जागी खिळली.

मॅडम खालून मोजत होत्या. काका बांधावर पालथे पडले होते, नळीपासून चार हातांवर, आणि तेही मोजत होते. तीन. चार. नळीला घाम नाही, थेंब नाही. सात. लेकीने खिडकीतून बाहेर बघितलं, तिला धुळीने माखलेला बाप दिसला, कड्याच्या इतक्या टोकाला, आणि आश्चर्याने तिचं तोंड उघडं राहिलं, पण पाय हलला नाही. दहा.

खाली आल्यावर ती उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली. दोघंही रडले. बायकोने ते बघून तोंड फिरवलं आणि डबा उघडायला घेतला, म्हणजे आपलं रडणं कुणाला दिसू नये. मॅडमनी अकरा नंबरसमोर खूण केली आणि वही मिटली. "सोमवारपासून या," त्या लेकीला म्हणाल्या. मघाशी फिसकन हसलेले दोघंतिघं आता सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. माणसं अशीच असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

मग मॅडम काकांकडे वळल्या. "काका, जरा येता? आमची गाडी बघा. गेल्या वर्षी उंच करून घेतली. मोठ्या वर्कशॉपमध्ये."

"नळ्या कशा मोजल्या त्यांनी?"

"तेच विचारायचंय. आम्ही तर दर वेळी दांडा सोडतो."

पथकाची गाडी खाणीच्या तोंडाशी उभी होती, पांढरी, मागे स्ट्रेचर बसवलेली. काका खाली गेले, टॉर्च मागितला, आणि डाव्या पुढच्या नळीचं टोक पिळून बघितलं. वरचं रबर फाटलेलं होतं. आतले धागे बाहेर आले होते, आणि धाग्यांना ओल होती. त्यांनी धाग्यांवरून बोट फिरवून ते मॅडमच्या नाकापुढे धरलं. ब्रेक ऑइल.

"परवा याच गाडीतून दोन जखमी उतरवलेत आम्ही," मॅडम म्हणाल्या. "आणि सोमवारी हिच्यावर..." त्यांनी लेकीकडे बघितलं आणि वाक्य तसंच सोडलं.

लेकीने ते फाटलेलं रबर बघितलं. सोमवारी तिच्या हाती येणार होती ती हीच गाडी. बाप मघाशी गप्प बसला असता, आणि ती नशिबाने चढून-उतरून आली असती, तरी सोमवारी याच नळीवर विसंबून डोंगर उतरली असती. ती बापाशेजारी, गाडीखाली, धुळीत आडवी झाली आणि टॉर्च हातात घेतला.

मॅडमनी गाडीची किल्ली काढून काकांच्या तळहातावर ठेवली. "तुम्ही हलवा म्हणाल तेव्हाच ही गाडी हलेल."

"पाठीमागची पण बघायला लागेल. आणि दुसरी गाडी आहे ना तुमची? तीही आणा इथे."

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा," काका गाडीखालून म्हणाले.

आणि दोरीला लोंबकळत कड्यावरून माणसं उतरवणारे पथकाचे नऊ जण जिथे होते तिथेच बसून राहिले, आणि कुणीही घड्याळ बघितलं नाही.